गवतावर उभे राहण्यास परवानगी मिळणेबाबत

गवतावर उभं राहायला सांगितलं म्हणून जगात कुणाचं डोकं फिरत नाही. उद्यान खात्याच्या हेडक्लार्कांचं फिरलं, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते तसं साधंच होतं. हेडक्लार्कांचा डावा डोळा लहानपणी चेंडू लागल्यापासून नुसता शोभेला होता. सगळा संसार आणि सगळं कार्यालय उजव्या डोळ्यावर चालायचं, आणि त्या उजव्यात मोतीबिंदू झाला होता. दोनदा त्यांना ऑपरेशनला नेलं आणि दोनदा टेबलावरून उठवून घरी पाठवलं. कारण ते टेबल दिसलं की हेडक्लार्कांचा रक्तदाब जो उठायचा तो एकशे नव्वदला जाऊनच बसायचा.

"गोळ्या वाढवल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, काका. तुम्ही स्वतःला फार ताणून धरता. रोज सकाळी चपला काढायच्या आणि वीस मिनिटं हिरवळीवर शांत उभं राहायचं. पायाखाली माती जाणवू द्यायची. सहा आठवड्यांनंतरची तारीख देते. आहे हा एकच डोळा, त्यात मी धोका पत्करणार नाही. आणि फार लांबवलं, तर मोतीबिंदू पिकून काम अवघड होऊन बसेल."

"बरं झालं," बाहेर आल्यावर बायको म्हणाली. "एकतीस वर्षं उद्यान खात्यात काढलीत. आता तरी त्या गवताचा घराला उपयोग होईल."

 हेडक्लार्कांच्या डोळ्यांपुढे, म्हणजे जो काही डोळा होता त्याच्यापुढे, एक पाटी उभी राहिली होती.

शहरातल्या एकुलत्या एक मोठ्या बागेत, प्रत्येक हिरवळीच्या कडेला, ती पाटी होती. 'गवतावर चालणे, बसणे, लोळणे, खेळणे तसेच उभे राहणे यास सक्त मनाई आहे.' हा मजकूर हेडक्लार्कांचा. मूळ हुकुमात 'उभे राहणे' नव्हतं. पण एकदा पकडलेल्या एका वकिलाने खुलाशात लिहून दिलं, की मी चाललो नाही, बसलो नाही, लोळलो तर मुळीच नाही, मी फक्त उभा होतो. त्याला सोडून द्यावं लागलं. हेडक्लार्कांना आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. नवव्या दिवशी त्यांनी हुकुमात पोटकलम चार (ख) घातलं आणि मगच दोन घास नीट गिळले. तेव्हापासून खात्यात त्यांना पाठीमागे 'पोटकलम' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही.

तरी डोळ्याचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हेडक्लार्क बागेत गेले, इकडं तिकडं पाहिलं, चपला काढून हातात घेतल्या आणि उजवा पाय गवतावर ठेवला. डावा उचलणार तोच शिट्टी वाजली.

झाडामागून माळीमामा आले. बागेतले सगळ्यांत जुने माळी.

"मामा, ओळखलं नाहीत का मला?" हेडक्लार्क जरा रागानेच म्हणाले.

"ओळखलं की साहेब. म्हणून तर शिट्टी हळू वाजवली."

"मला डॉक्टरांनी सांगितलंय उभं राहायला."

"सांगितलं असेल. पण मागल्या महिन्यात एका आजींना इथं बसू दिलं म्हणून तुम्ही मला मेमो दिलात. त्यांनाबी डॉक्टरांनीच सांगितलं होतं." मामांनी कानामागची पेन्सिल काढली आणि वही उघडली. "पूर्ण नाव सांगा साहेब. म्हणजे मला ठाऊक आहे, पण विचारल्याशिवाय लिहू नये असा तुमचाच नियम आहे."

हेडक्लार्कांनी नाव सांगितलं. कारण म्हणून 'उभे राहणे (एक पाय)' अशी नोंद झाली. घरी आल्यावर बायकोने रक्तदाब मोजला, तर तो रोजच्यापेक्षा बाराने जास्त निघाला.

सोमवारी ती वही रीतसर हेडक्लार्कांच्याच टेबलावर आली. दुसरा कुणी असता तर त्याने ते पान पटकन उलटलं असतं. हेडक्लार्कांच्या मनाला तो विचार शिवलासुद्धा नाही. त्यांनी विहित नमुन्यात स्वतःला नोटीस काढली आणि सात दिवसांत खुलासा मागवला. सही नेहमीसारखीच वळणदार आली. नोटीस पोस्टाने घरी पोचली तेव्हा बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, तुम्हाला तुमचं पत्र आलंय. बरे आहात ना, असं काही विचारलेलं दिसत नाही."

खुलाशाबरोबरच त्यांनी अर्ज केला. विषय: वैद्यकीय कारणास्तव गवतावर उभे राहण्यास परवानगी मिळणेबाबत. सोबत डॉक्टरांचा दाखला. आवक क्रमांक पडला, अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरला आणि अकराव्या दिवशी अभिप्रायासाठी हेडक्लार्कांच्या टेबलावर येऊन थांबला. आता आली पंचाईत. स्वतःच्या अर्जाची शिफारस केली, तर लोक म्हणणार, बघा, कुंपणानेच शेत खाल्लं. या भीतीने त्यांनी तो अर्ज इतरांपेक्षा दुप्पट कडकपणे तपासला. दाखल्यात नुसतं 'गवत' असं मोघम लिहिलं होतं; ते गवत खात्याचंच असावं असा कुठे उल्लेख नव्हता. अर्जदार कोणत्या हिरवळीवर, कोणत्या दिशेला तोंड करून, किती क्षेत्रफळ व्यापून उभा राहणार याचा नकाशा जोडलेला नव्हता. हेडक्लार्कांनी तीन त्रुटी काढल्या आणि अर्ज अर्जदाराकडे परत पाठवला.

ही बातमी उद्यान अधीक्षकांपर्यंत गेली. त्यांनी हेडक्लार्कांना आत बोलावून कपाळाला हात लावला.

"अहो, उभे राहा ना! मी सांगतो तुम्हाला, खुशाल उभे राहा!"

"साहेब, तोंडी आदेश आहे हा. उद्या मामांनी शिट्टी वाजवली, तर त्यांना काय दाखवू?"

"मग मी लेखी देतो."

"त्रुटींची पूर्तता झाल्याशिवाय आपल्याला देता येणार नाही," हेडक्लार्क अदबीने म्हणाले. "आणि पूर्तता झाली, तर अर्ज पुन्हा अभिप्रायासाठी माझ्याकडे येईल."

साहेबांनी पाणी मागवलं. दोघांनाही अर्धा अर्धा पेला लागला.

इथपर्यंत दोन आठवडे संपले होते. मोतीबिंदू काही कुणाच्या अभिप्रायासाठी थांबलेला नव्हता. जिन्याच्या पायऱ्या आता हेडक्लार्क मोजून उतरत. फाइल वाचताना ती नाकाला टेकवत, आणि एकदा टेकवलेल्या फाइलची शाई नाकावर घेऊन ते दिवसभर कार्यालयात वावरले. कुणी सांगितलं नाही. संध्याकाळी बायकोने पदराने पुसलं तेव्हा ते हसले. "मला दिसेनासं झालं तर गं?" असं त्यांनी एकदाच विचारलं, आणि बायकोने, "काही होत नाही," असं इतक्या पटकन सांगितलं, की तिनेही त्याचा विचार केला आहे हे त्यांना कळलं.

समोरच्या दारात भूगोलाचे निवृत्त मास्तर राहत. तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना दिशा दाखवल्यामुळे त्यांना कुणी वाट विचारायची गरजच पडायची नाही. ते स्वतःच येऊन सांगत.

"बागेत जाताच कशाला? गवत घरी आणा," मास्तर म्हणाले. "गॅलरीत एक वाफा करा. पृथ्वी ती पृथ्वीच, मग ती तळमजल्यावर असो की तिसऱ्या मजल्यावर. फक्त तोंड उत्तरेला हवं."

"का?"

"चुंबकत्व," मास्तर म्हणाले, आणि त्यापुढे विचारायची सोय ठेवली नाही.

कल्पना वाईट नव्हती. घरच्या गवतावर कुठल्याच खात्याचा अधिकार चालत नव्हता. सुताराकडून जुन्या पलंगाच्या फळ्यांची चौकट करून घेतली, खाली जाड प्लास्टिक अंथरलं, रोपवाटिकेतून लोकरीच्या गुंडाळीसारखी हिरवळ आणली आणि सात घमेली माती तीन जिने चढवली. चढवताना एक घमेलं दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी बुटात रिकामं झालं. त्याबद्दल वेगळं सांगण्यात अर्थ नाही. वाफा झाला मात्र देखणा. हेडक्लार्क चपला काढून, तोंड उत्तरेला करून, त्यावर उभे राहिले. उत्तरेला शेजारच्या इमारतीचा सांडपाण्याचा पाइप होता. तरी त्यांनी निश्चयाने शांत व्हायला सुरुवात केली.

शांत होण्याचा त्यांचा तिसराच दिवस, आणि दाराची कडी जोरात वाजली. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी उभ्या होत्या. हातात एक पांढरा कोट होता, म्हणजे कालपर्यंत तो पांढरा होता.

"बँडवाल्यांचे बारा कोट धुऊन, इस्त्री करून गॅलरीत टांगले होते," मावशी म्हणाल्या. "आता बँड वाजवायला निघतील, की चिखल तुडवायला?"

वाफ्यातल्या मातीने गॅलरीची मोरी तुंबली होती आणि घातलेलं पाणी सगळं खालच्या घरी उतरलं होतं. हेडक्लार्कांनी सवयीने तक्रार लेखी द्यायला सांगितलं. मग मावशींचा जो तोंडाचा पट्टा सुटला तो वरपासून खालपर्यंत सगळ्या इमारतीने ऐकला. "लेखी? अहो, इतकी वर्षं वर राहताय, कधी कुणाला बरं आहे का म्हणून विचारलंत? जिन्यात भेटलात की पुढे! आता गवतावर उभे राहून काय देव भेटणार आहे?" हेडक्लार्कांचं डोकं तापलं, कानशिलं ठणकायला लागली. अखेर बायको पुढे झाली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: एकच डोळा, दोनदा परत पाठवलेलं, उरलेले साडेतीन आठवडे.

मावशींच्या तोंडचा पट्टा तिथेच थांबला. त्यांनी कोटाची घडी घातली.

"आधी नाही का सांगायचं?" त्या म्हणाल्या. "मला सुई ओवायला शेजारची पोर बोलवावी लागते. डोळ्याचं मला काय सांगता? कोट मी पुन्हा धुते. पाणी तेवढं घमेल्याने बाहेर काढा."

हेडक्लार्क ओशाळले. आभार कसे मानायचे याचा त्यांना सराव नव्हता, म्हणून त्यांनी नुसती मान डोलावली. मात्र एकदा गोष्ट इमारतीत फुटली ती फुटलीच. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या त्या मोरी साफ झाली का ते बघायला, आणि जाता जाता पाच मिनिटं गवतावर उभ्या राहिल्या. "टाचा दुखायच्या थांबल्या बाई!" त्यांनी खाली जाऊन जाहीर केलं. तिसऱ्या दिवसापासून इमारतीतल्या सगळ्या दुखऱ्या टाचा, आखडलेले गुडघे आणि न येणाऱ्या झोपा सकाळी साडेसहाला हेडक्लार्कांच्या गॅलरीबाहेर रांगेत उभ्या. मास्तरांनी वेळापत्रक केलं. त्यात ज्यांचं गवत त्यांचाच नंबर पाचवा लागला. बायकोने आल्यागेल्याला चहा ठेवला, आणि हेडक्लार्क स्वतःच्या गवतासाठी टॉवेल खांद्यावर टाकून ताटकळत उभे.

शेवटी त्यांच्याने राहवलं नाही. त्यांनी एका पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात सूचना लिहून गॅलरीच्या दारावर लावली. बायकोने ती वाचली, काढली, चार तुकडे केले.

"या घरात एक पोटकलम आहे तेवढं पुरे," ती म्हणाली. तिलाही ते टोपणनाव ठाऊक आहे हे हेडक्लार्कांना त्या दिवशी कळलं.

खरी चिंता वेगळीच होती. मास्तर रोज हेडक्लार्कांचा रक्तदाब उभं राहण्यापूर्वी आणि नंतर मोजून आलेखाच्या कागदावर मांडत. आलेख डोंगरासारखा वर चढत होता. म्हणजे गवतामुळे सगळ्या इमारतीला आराम पडत होता. फक्त ज्याच्यासाठी ते आणलं, त्याचं काही खरं नव्हतं. त्यात दोन आठवड्यांत इतक्या पायांखाली ते गवतही पिवळं पडलं. तारखेला पुरते दोन आठवडेही उरले नव्हते.

त्या रविवारी हेडक्लार्कांनी एक अशी गोष्ट केली, जी त्यांनी एकतीस वर्षांत केली नव्हती. ते बागेत गेले आणि माळीमामांना म्हणाले, "मामा, जरा घरी येता का? माझं गवत मरतंय."

मामा आले. वाफ्याशी उकिडवे बसले, माती चिमटीत घेऊन पाहिली आणि म्हणाले, "गवताला काही झालेलं नाही. त्याला आठ दिवस मोकळं सोडा, उठून बसेल. तुम्ही उभे राहून दाखवा."

हेडक्लार्क उभे राहिले. मामा त्यांच्या पायांकडे बघत राहिले.

"साहेब, तुमची बोटं बघा. सगळी आवळून धरलीत. हजेरीला उभं राहिल्यागत उभे राहताय. मनात काय चाललंय आत्ता?"

"मिनिटं मोजतोय," हेडक्लार्क म्हणाले.

"तेच तर. नुसतं उभं राहणं तुम्हाला जमायचं नाही. तुम्ही कामाचा माणूस. उद्यापासून सहाला बागेत या, माझ्याबरोबर तण काढायला."

"पण हुकूम?"

"हुकमात आहे की! चार (ग). 'देखभालीच्या कामावरील कर्मचारी वगळून.' मला सगळा हुकूम पाठ आहे. इतके मेमो खाल्ल्यावर कुणालाही होईल."

हेडक्लार्क थक्क झाले. स्वतःचं (ख) त्यांनी इतकं जिवापाड सांभाळलं होतं, की त्याच्या शेजारचं (ग) ते साफ विसरून गेले होते. आणि ते सांगायला, ज्यांना त्याच हुकुमाखाली मेमो दिला, तेच मामा तीन जिने चढून आले होते.  "मामा," ते म्हणाले, आणि स्वतःची खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. बायकोने चहा आणला. सोमवारी अधीक्षकांनी अर्ध्या तासात लेखी आदेश काढला: हेडक्लार्कांना सकाळी एक तास तण काढण्याच्या कामी नेमण्यात येत आहे. त्याच दिवशी हेडक्लार्कांनी मामांच्या मेमोवर 'चुकीने दिला, रद्द' असा शेरा मारला. 'चुकीने' हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःसाठी वापरला होता, त्यामुळे तो जरा मोठ्या अक्षरात आला.

पहिल्या सकाळी त्यांनी एक हातभर जागा साफ केली. मामा बघून म्हणाले, "छान. आता काढलंय ते परत लावू. हे गवत होतं. तण सगळं तसंच आहे."

"मला फरक दिसत नाही, मामा."

"दिसायचं कशाला? बोटांत धरा. लव्हाळ्याची काडी तीन धारांची असते, फिरवली की कळते. गवताची तशी नसते. आणि ओढू नका. खाली गाठ असते, ती तुटून आत राहिली की पुन्हा येतं. माती सैल करायची, गाठीपर्यंत जायचं, मग ते आपसूक हातात येतं."

हेडक्लार्क मांडी घालून दवात बसले. एक एक काडी बोटांत फिरवायची, तीन धारा लागल्या की बोट मातीत घालायचं, खाली, आणखी खाली, ओलसर गारव्यात ती गाठ लागेपर्यंत. पहिल्या दिवशी पाच गाठी सबंध निघाल्या, चाळीस तुटल्या. चौथ्या दिवशी तुटलेल्या कमी झाल्या. पाचव्या दिवशी किती निघाल्या ते त्यांना सांगता आलं नाही, कारण ते मोजायलाच विसरले होते. डोळा मिटलेला, पाय उघडे, पँट गुडघ्यापर्यंत ओली. मामा दहा हातांवर पाणी घालत होते. कुठला पक्षी ओरडतोय हे हेडक्लार्कांनी विचारलं, आणि मामांनी सांगितलं. एकतीस वर्षांत या बागेविषयी विचारलेला तो त्यांचा पहिला प्रश्न होता, ज्याचं उत्तर फाइलला लावायचं नव्हतं.

एका सकाळी त्या मेमोवाल्या आजी आल्या आणि सरळ हिरवळीवर फतकल मारून बसल्या. हेडक्लार्कांनी मान दुसरीकडे वळवली. मामांनी शिट्टी खिशात ठेवली. आठवडा संपता संपता मावशी आणि मास्तर बागेच्या कुंपणाशी येऊन उभे राहायला लागले. मग त्यांनीही स्वयंसेवक म्हणून रीतसर अर्ज दिले, आणि हेडक्लार्कांनी ते एकही त्रुटी न काढता पुढे पाठवले. खात्यात त्या दिवशी त्यांच्या प्रकृतीची फार चौकशी झाली. मास्तरांचा आलेख खाली उतरत होता. मास्तरांनी त्याचं श्रेय उत्तर दिशेला दिलं.

ऑपरेशनच्या दिवशी सगळे निघाले. बायको, मावशी, मास्तर, आणि रजा टाकून माळीमामा. दवाखान्यात कपडे बदलेपर्यंत हेडक्लार्क अगदी मजेत होते. मग परिचारिकेने सहीसाठी फॉर्म पुढे केला. बायकोने तो वाचून दाखवला. त्यात ऑपरेशनचा डोळा 'डावा' असा लिहिला होता.

"डावा?" हेडक्लार्क ताडकन उठून बसले. "उजवा! डावा नुसता शोभेचा आहे!"

"अय्या, चुकलंच की," परिचारिका म्हणाली, आणि तिने डावा खोडून वर उजवा लिहिला.

"खाडाखोडीवर सही? नवा फॉर्म आणा. तारीख, वेळ, कुणी खोडलं..." दंडाला पट्टा बांधलेलाच होता. यंत्राने एकशे अठ्ठ्याऐंशी दाखवलं.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी फॉर्म पाहिला, परिचारिकेला नवा आणायला पाठवलं, आकडा पाहिला आणि उसासा सोडला. "काका, चूक आमची. पण आकड्याला ते समजत नाही. अर्धा तास देते. नाही उतरला तर आजही घरी जावं लागेल, आणि मग मात्र पुढचं काही मी सांगू शकत नाही."

बायकोने हेडक्लार्कांचा हात धरून त्यांना बाहेरच्या बाकावर आणून बसवलं. मावशी म्हणाल्या, दीर्घ श्वास घ्या. मास्तर म्हणाले, उत्तर इकडे आहे. हेडक्लार्कांच्या कपाळावर घाम आला होता. "घालवला मी," ते म्हणाले. "सगळ्यांनी एवढं केलंत, आणि मी एका शब्दापायी डोळा घालवला."

"त्या शब्दापायी डोळा वाचला," माळीमामा म्हणाले. "तुमच्या जागी मी असतो तर डाव्यावर सही करून आलो असतो. आता हात पुढे करा." दवाखान्याच्या आवारात कधीकाळी हिरवळ होती, तिथे आता कमरेएवढं रान माजलं होतं. मामा दोन मिनिटांत तिथला एक गड्डा मातीसकट उपटून घेऊन आले आणि हेडक्लार्कांच्या मांडीवरच्या टॉवेलवर ठेवला. "एवढं निवडून द्या साहेब. कुणाचं लक्षच नाही बघा इथं."

हेडक्लार्कांनी डोळे मिटले. बोटांत एक काडी धरली, फिरवली. तीन धारा. दुसरी धरली. बायको त्यांना टेकून बसली होती. मावशी आणि मास्तर हळू आवाजात भांडत होते, की टॉवेल दवाखान्याचा की घरचा. मातीचा वास येत होता. ही सगळी माणसं आपलं काम टाकून एका पोटकलमासाठी इथं बसली आहेत, आणि आपण त्यांना जिन्यात कधी बरं आहे का म्हणून विचारलं नाही, हे हेडक्लार्कांच्या मनात आलं. मिटल्या पापण्यांखाली त्यांचे डोळे ओले झाले. गाठ सबंध हातात आली. ती त्यांनी मामांच्या तळहातावर ठेवली.

"बास, हात धुवा आता!" डॉक्टरीणबाई समोर उभ्या होत्या. त्यांनी तिथेच पट्टा बांधला, हवा भरली, हवा सोडली. "एकशे अडतीस. चला लवकर, त्यांना आणखी काही वाचायला देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. पहिल्यांदा प्रकाश आला, मग खिडकीची चौकट, मग डॉक्टरीणबाई. त्या इतक्या तरुण असतील असं हेडक्लार्कांना वाटलं नव्हतं. इतक्या कोवळ्या हातांत डोळा देतोय हे आधी दिसलं असतं, तर रक्तदाब कधीच उतरला नसता. दारात मावशी होत्या, मास्तर होते, मामा टोपी हातात घेऊन उभे होते. "दिसतंय का?" सगळ्यांनी एकदम विचारलं. "दिसतंय," हेडक्लार्क म्हणाले. "सगळं दिसतंय. तुम्ही बरे आहात ना सगळे?" मावशींनी पदर तोंडाला लावला.

मग ते बायकोकडे वळले आणि बघतच राहिले. तिचे केस पांढरे होते. कानांशी एखादी बट नव्हे, सगळेच.

"हे कधी झालं?"

"दोन वर्षं झाली," बायको म्हणाली. "आधी कलप लावायचे. मग तुम्हाला सगळं धुरकट दिसायला लागलं, तेव्हा म्हटलं, आता कुणासाठी लावायचा?" तिने उगाचच केस सावरले. "वाईट दिसतंय का? उद्या लावू पुन्हा?"

"नको," हेडक्लार्क म्हणाले. त्यांनी तिचा हात धरला आणि तिला जवळ, खिडकीच्या उजेडात बसवून घेतलं. "जरा बस इथं. दोन वर्षांचं बघायचं राहिलंय माझं."